आगीचा भोंगा

आमच्या घरात घड्याळ नव्हतं. लागायचंच नाही, कारण सेलूच्या आमच्या भागाला वेळ सांगायचं काम माझ्या बापाकडंच होतं. अप्पा कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर पहारेकरी होते आणि फाटकाशेजारच्या खोलीतलं भोंग्याचं बटण त्यांच्या ताब्यात होतं. सकाळच्या भोंग्याला बायका चुलीवरचा तवा उतरवून कामाला निघायच्या, दुपारच्या भोंग्याला भाकरीची फडकी सुटायची आणि संध्याकाळच्या भोंग्याला आम्ही पोरी खेळ टाकून घरी पळायचो. एखादा पाहुणा मनगटावरचं घड्याळ दाखवून म्हणायचा, की तुमचा भोंगा जरा मागं आहे. माय त्याला लगेच सुनवायची, "तुमचं घड्याळ पुढं पळायलंय पाव्हणं, भोंगा बरोबर हाय." नवऱ्याशी ती रोज भांडायची, पण त्याच्या भोंग्याबद्दल कुणी वावगा शब्द काढलेला तिला खपायचा नाही.

माय जिनिंगमध्येच कवडी वेचायला जायची. कवडी म्हणजे डागाळलेला, किडका कापूस. चांगल्यातून तो बाजूला काढायचं काम बायकांकडं असायचं. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा डोकं, भुवया, पापण्या सगळं पांढरं झालेलं असायचं. मी तिच्या मागं बसून केसांतले तंतू वेचायची आणि ती तशीच बसल्या बसल्या पीठ मळायची. आमच्या भाकरीत तंतू निघायचा, आमटीत निघायचा, अंथरुणात तर निघायचाच. घराला सरकीचा वास होता, थोडा तेलकट, थोडा उबट. लग्न होऊन परभणीला आले तेव्हा पहिले काही महिने मला झोप लागेना, आणि पुष्कळ दिवसांनी कळलं की नाकाला तो वास हवा होता. जेवण साधंच, ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि दगडावर रगडलेला ठेचा. येसर, म्हणजे आमटीचा मसाला, भाजायचा दिवस असला की सगळी गल्ली ठसकायची. मागच्या फिटर गल्लीतून महबूबचाचा ओरडायचे, "भाभी, क्या बस्ती खाली कराते क्या?" आणि माय इकडून म्हणायची, "वाटी घेऊन या, नुसतं खोकू नका."

महबूबचाचा जिनिंगमध्ये फिटर होते. त्यांची रुबीना माझ्या वर्गात होती आणि आमची दोघींची एकच सायकल होती, म्हणजे सायकल तिची आणि हवा भरायची मी. भोंग्याची मोटार बिघडली की अप्पा चाचांना बोलवायचे. चाचा बटणाशेजारी कान लावून म्हणायचे, "जगन, इसको सर्दी हुई." मग दोघं मिळून ती मोटार उघडायचे आणि काम झाल्यावर फाटकाच्या दगडावर बसून एकाच्या भाकरीशी दुसऱ्याचं सालन खायचे. या मैत्रीचं मी कौतुक करत बसणार नाही. तेव्हा तीत कौतुकासारखं काही आहे असं कुणालाच वाटत नव्हतं, आता सांगावं लागतं हेच वाईट आहे.

आणखी एक भोंगा होता, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कापसाला आग लागली की पाहता पाहता गंजीच्या गंजी जातात. एक ठिणगी उडाली, सरकी काढायचा रेचा तापला, कुणी बिडी टाकली, की झालं. म्हणून आगीचा भोंगा वेगळा होता, तुटक तुटक, धापा टाकल्यासारखा. तो वाजला की ज्याच्या हातात जे असेल ते टाकून, पाणी घेऊन फाटकाकडं धावायचं, असा आमच्या भागाचा कायदा होता. त्यात जात नव्हती, भांडण नव्हतं, सोवळं-ओवळं नव्हतं. प्रत्येक घराच्या उंबऱ्याशी एक घागर भरलेली असायची, तिला आगीची घागर म्हणायचे. तिच्यातलं पाणी कुणी प्यायचं नाही, त्यानं हातसुद्धा धुवायचा नाही. रोज सकाळी ते झाडाला घालायचं आणि ताजं भरायचं. आणि त्या पाण्याचा आणखी एक नियम होता. आग असो की विझलेली असो, एकदा घराबाहेर नेलेलं आगीचं पाणी माघारी आणायचं नाही. आणलं तर आग मागोमाग घरी येते म्हणायचे. आपण पोचायच्या आधीच आग विझलेली असली तरी बायका आपापली घागर तिथंच रिकामी करायच्या आणि मगच परतायच्या. माझी माय पालमकडची, कोरडवाहू मुलखातली. पाण्याचा थेंब सांडला तर आमच्या पाठीत धपाटा बसायचा. पण आगीच्या घागरीला तिनं कधी कंजुषी केली नाही.

मग जिनिंग बंद झाली. मालकानं मोठ्या रस्त्यावर नवी फॅक्टरी टाकली. तिथं कापूस आपोआप आत जायचा आणि गाठी बांधून बाहेर यायचा, माणसं लागायची मोजकी. जुन्या फाटकाला कुलूप लागलं. नव्या ठिकाणी यंत्राची माहिती असलेली चार माणसं घेतली, त्यांत महबूबचाचा होते. वेचणाऱ्या बायका, गाड्या भरणारे हमाल, पहारेकरी, यांना कुणी विचारलंच नाही. दिगू, माझा मोठा भाऊ, बारावी होऊन त्याच जिनिंगमध्ये लागायची वाट बघत होता. त्याची वाटच बंद झाली.

पोटाला बसलेला चिमटा लोकांना कळतो. आमटीत डाळ कमी आणि पाणी जास्त झालं. भाकरीच्या जागी कण्या आल्या. माय लोकांच्या रानात खुरपायला जाऊ लागली. ते आम्ही काढलं असतं, गरिबी आम्हाला काही नवी नव्हती. पण भोंगा बंद झाला आणि गल्ली भ्रमिष्टासारखी झाली. दुपार झाली का, हे माणसं एकमेकांना विचारायची. पुरुष दिवस वर येईपर्यंत अंथरुणात पडून राहायचे, कारण उठून जायचं कुठं? आणि माझे अप्पा सकाळी अंघोळ करून, टोपी घालून, बंद फाटकासमोरच्या दगडावर जाऊन बसायचे. माय म्हणायची, "आवो, कामून बसायलाव तिथं? लोक हासायलेत." अप्पांच्या उजव्या हाताचा अंगठा मांडीवर उगीच दाबल्यासारखा हलायचा. मला तो अंगठा बघवत नव्हता.

माय मात्र आगीची घागर रोज भरायची. अप्पा एकदा चिडले, "जिन बंद हाय आता, कशाला पाणी नासायलीस?" ती म्हणाली, "जिन बंद हाय. आग बंद हाय का?"

आता एका पार्टीविषयी. तिचं नाव मी लिहीत नाही. भीती नाही, पण त्यांची फुकट जाहिरात मी कशाला करू? शिवाय अशा पार्ट्यांची नावं आणि झेंडे बदलत राहतात, बोलायची तऱ्हा एकच असते. परभणीहून एक माणूस जीप घेऊन आला. त्याला सगळे भाऊ म्हणायचे. फाटकासमोरचं बंद पडलेलं चहाचं दुकान त्यानं भाड्यानं घेतलं, तिथं खुर्च्या मांडल्या आणि पहिल्याच दिवशी दगडावर बसलेल्या माझ्या बापापाशी येऊन म्हणाला, "काका, तुमी इथं दगडावर? चला, खुर्चीवर बसा." एवढंच. भाषण नाही, शिव्या नाहीत, कुणाचं नाव नाही. खुर्ची आणि चहा. मी आता जिथं शिकवते त्या शाळेतल्या स्टाफरूममध्ये आमचे एक गुरुजी नेहमी म्हणतात, भुकेलेले लोक काय हो, कुणीही विकत घ्यावेत. मी त्यांच्याशी दर वेळी भांडते. आम्हाला कुणी विकत घेतलं नाही. आमचा कुणाला उपयोग उरला नव्हता, आणि अशा वेळी जो माणूस नावानं हाक मारतो त्याचं सगळं खरं वाटायला लागतं. गुरुजींचा पगार महिन्याच्या महिन्याला होतो, त्यांना हे कसं समजावं?

भाऊ हुशार होता. आमच्या गल्लीचं दुखणं कुठं आहे हे त्यानं बरोबर हेरलं. एके दिवशी त्यानं खिशातून किल्ली काढून अप्पांच्या हातावर ठेवली. भोंग्याच्या खोलीची किल्ली. "काका, गावाचा आवाज गेला. चालू करा." मोटार जाम झाली होती. महबूबचाचांनीच येऊन ती नीट करून दिली, कामाचं काही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा वाजला. मी खोटं बोलणार नाही, माझ्या अंगावर काटा आला. बायका हातातलं टाकून दारात आल्या, काहींच्या डोळ्यांना पदर लागला. माणसं उगीचच फाटकापर्यंत जाऊन उभी राहिली. काम नव्हतं, पगार नव्हता, फाटक बंदच होतं, पण भोंगा वाजला होता. अप्पा घरी आले तेव्हा ताठ चालत होते. मायनं त्या दिवशी गूळ घालून शेवया केल्या.

शेवया खाता खाता तिनं विचारलं, "किल्ली कुणी दिली त्याला?"

"मालकानं," अप्पा म्हणाले.

"म्हंजे ज्यानं कुलूप लावलं त्यानंच किल्ली दिली."

अप्पांनी वाटी खाली ठेवली. "तुला चांगलं काही दिसतच न्हाई का गं?"

"दिसतंय की. त्याच्याबरोबर कुलूपबी दिसतंय."

भोंग्यानंतर सभा सुरू झाल्या. सकाळच्या भोंग्याला जमलेल्या माणसांना भाऊ पाच-दहा मिनिटं काहीबाही सांगायचा. आधी आपली संस्कृती, मग आपली भाकर, मग आपली भाकर कुणी नेली. मालकाचं नाव कधी आलं नाही. नाव आलं ते फिटर गल्लीचं. नव्या फॅक्टरीत कोण लागलं? त्या गल्लीतली माणसं. यंत्रं कुणी जोडली? त्यांनीच. मग जिनिंग कुणी खाल्ली? गणित इतकं सोपं करून सांगितलं की शाळा सोडलेल्यालाही सुटावं. दिगूला त्यांनी गळ्यात घालायला पार्टीच्या रंगाचा पट्टा दिला, मोबाइल दिला, एका मोटरसायकलवर मागं बसायला जागा दिली. घरी आला की तो भाऊचीच वाक्यं बोलायचा, ताटावर बसून, हातवारे करून.

"तुला येसराची आमटी आवडती न्हाई का?" मायनं त्याला एकदा मध्येच थांबवून विचारलं.

"त्याचं काय आता?"

"त्याच आमटीवर महबूबची पोरंबी वाढली. तुझी भाकर त्यानं खाल्ली म्हणायलास, मी तर माझ्या हातानं वाढली. माझ्याशी भांड."

"माय, तुला राजकारण कळत न्हाई."

हे वाक्य मी पुढं आयुष्यात फार जणांकडून ऐकलं. मला त्याची चीड आहे. ज्या बाईला दोन भाकऱ्या चार ताटांत वाढाव्या लागतात तिला राजकारण कळत नाही, आणि ज्याला आयता पट्टा मिळाला त्याला कळतं!

निवडणूक जवळ आली तशी भाऊची भाषा आणखी चढली. फिटर गल्लीतली घरं जिनिंगच्या जागेवर होती, आमचीही तशीच होती, पण ते कुणी बोलत नव्हतं. मतदानाच्या आत फिटर गल्ली खाली झाली पाहिजे, असं त्यानं जाहीर सांगून टाकलं. रुबीना शाळेत यायची बंद झाली. मी सायकल द्यायच्या निमित्तानं गेले तर ती भांडी गोणीत भरत होती. "कुठं चाललीस?" मी विचारलं. ती म्हणाली, "अब्बू म्हणतेत कुटंच न्हाई. अम्मी म्हणती भांडी तरी बांधून ठेव." मी तिच्या हातातली गोणी हिसकून भांडी परत फळीवर मांडायला लागले. ती एका बाजूनं भरायची आणि मी दुसऱ्या बाजूनं काढायची. शेवटी दोघी हसलो आणि मग दोघी रडलो.

त्याच संध्याकाळी चाचा आमच्याकडं आले. उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले, आजवर कधी राहिले नव्हते. "जगन, तेरी बात सुनते वो लोगां. तू बोल ना एक बार." अप्पा बाजेवर बसून पायाकडं बघत राहिले. चाचांनी थोडी वाट पाहिली आणि निघून गेले. माय अप्पांना म्हणाली, "त्यानं तुमचा भोंगा नीट केला. तुमची जीभ कोण नीट करणार हाय?" अप्पा उठून बाहेर गेले. मला त्या दिवशी माझ्या बापाची लाज वाटली, स्वच्छ लाज वाटली.

तो दिवस उजाडला तो सुगीचा होता. रानात कापसाची वेचणी चाललेली, काही माणसं रोजगाराला गेलेली, बाकीची घरात. भाऊनं उन्हं वर आल्यावर फाटकापाशी सभा ठेवली. जीपवर कर्णा बांधला. पण आली ती त्याचीच पट्टेवाली पोरं. घरोघर सांगूनही बाकीची माणसं आली नाहीत. ऐकायला येणं वेगळं आणि कुणाच्या घरात घुसायला जाणं वेगळं, हे बहुतेकांच्या मनात असावं, फक्त तसं म्हणायची हिंमत नव्हती. गर्दी नसेल तर भाऊचं काम होणार नव्हतं. असल्या गोष्टी चार पोरांनी केल्या तर गुन्हा होतो आणि गावानं केल्या तर गावाची भावना होते, हे त्याला चांगलं माहीत होतं.

त्यानं अप्पांना भोंगा वाजवायला सांगितला. अप्पांनी साधा भोंगा दिला. लोकांना वाटलं दुपार झाली, ते जेवायला बसले. मग कुणीतरी पोरानं भाऊच्या कानात सांगितलं की आगीच्या भोंग्याला अख्खा भाग धावून येतो, थांबत नाही, विचारत नाही. भाऊ परभणीचा. त्याला एवढंच कळलं की सगळे धावून येतात. काय घेऊन येतात, हे त्यानं विचारलं नाही. आणि सांगणाऱ्या पोरालाही ते सांगावंसं वाटलं नाही, कारण आमच्याकडं ते कुणालाच सांगावं लागत नव्हतं. खोलीत काय बोलणं झालं ते आम्हाला नंतर कळलं.

मी चुलीपाशी होते, माय भाकरी थापत होती. तो तुटका भोंगा सुरू झाला आणि मायचा हात परातीतच थांबला. "आगीचा हाय," ती म्हणाली आणि उठली. भाकरी तव्यावर तशीच राहिली. तिनं उंबऱ्याची घागर कमरेवर घेतली, मी बादली भरली. बाहेर आलो तर सगळी गल्ली धावत होती. घागरी, कळशा, हंडे, डोक्यावर ओली पोती. जेवता जेवता उठलेली माणसं खरकट्या हातानं बादल्या ओढत होती. जिनिंग केव्हाची रिकामी आहे, आत कापसाचं बोंडसुद्धा नाही, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. आणि फाटकापाशी पोचतो न पोचतो तोच मागच्या बाजूनं फिटर गल्ली आली. महबूबचाचांनी हातगाडीवर पाण्याचा पिंप घातला होता, मागून चाची ढकलत होत्या, रुबीनाच्या दोन्ही हातांत बादल्या होत्या. ज्यांना हाकलायला गाव बोलावलं होतं तीच माणसं सगळ्यांत जास्त पाणी घेऊन आली होती. चाचा धापा टाकत ओरडले, "जगन, किधर लगी रे?"

अप्पा खोलीच्या दारात उभे होते.

सगळे तोच प्रश्न विचारत होते. कुठं लागली? कुठल्या गोदामात? धूर कुठाय? जीपवर उभा असलेला भाऊ क्षणभर नुसता बघत राहिला. त्यानं माणसं मागितली होती, माणसं आली होती, पण प्रत्येकाच्या कमरेवर घागर होती. मग त्यानं कर्ण्याचा माईक हातात घेतला. "माता-भगिनींनो, आग तिकडं लागलीय!" आणि फिटर गल्लीकडं हात केला. शेकडो माना तिकडं वळल्या. गल्लीवर स्वच्छ ऊन पडलं होतं. कुणाच्या तरी पत्र्यावर मिरच्या वाळत होत्या.

"कुठंय धूर?" मायनं विचारलं. तिचा आवाज मुळातच मोठा, कर्ण्याची गरज नव्हती.

"काकू, ही आग डोळ्याला दिसत न्हाई. ही आपल्या पोटाला लागलेली आग हाय, आन् लावणारे त्या गल्लीत राहतेत."

"पोटाला आग लागली तर भाकर लागती, भाऊ." माय पुढं झाली. "त्या कॅनमधी काय हाय? भाकर हाय का?"

तेव्हा मी पाहिलं. जीपच्या मागं पट्टेवाली पोरं उभी होती आणि त्यांच्या हातांत प्लॅस्टिकचे कॅन होते. रॉकेलचा वास सगळ्यांना एकदमच आला असावा, कारण सगळी गर्दी एकदम मागं सरकली. पहिला कॅन होता दिगूच्या हातात. माझ्या सख्ख्या भावाच्या. त्यानं मायला पाहिलं आणि कॅन पाठीमागं नेला, लहानपणी चोरलेला गूळ न्यायचा तसा.

माय त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिला मारावंसं वाटत होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. पण कमरेवर घागर होती. "कॅन ठेव," ती म्हणाली. त्यानं ठेवला नाही, जीपवरच्या भाऊकडं पाहिलं. माय म्हणाली, "तिकडं काय बघायलास? तुला जल्म मी दिला." आणि तिनं घागर उचलून त्याच्या डोक्यावर पालथी केली. सगळी. दिगू, पट्टा, मोबाइल, कॅन, सगळं निथळायला लागलं. मग ती गर्दीकडं वळली. "आगीचं पाणी माघारी न्यायचं न्हाई, ठाव हाय न्हवं? का घरी नेऊन आग लावून घेता?"

पुढचं मी आठवलं की आजही मला हसू येतं आणि ऊरही भरून येतो. बायका पुढं सरकल्या. एकेकीनं आपापल्या घरातला, शेजारचा, भावकीतला पट्टेवाला पोरगा शोधला. "ये रं, मुडद्या" म्हणत कळशी ओतली. कॅन पाण्यानं भरून वाहू लागले. जीपवर हंडे रिकामे झाले, कर्णा गुळण्या केल्यासारखा आवाज करून बंद पडला. पुरुषसुद्धा आले, आधी खाली बघत, मग बादल्या उचलून. महबूबचाचा पिंप घेऊन मागंच उभे होते, त्यांना कळेना आपण ओतावं की नाही. चाचींनीच पिंपाची तोटी सोडून दिली. आमच्याकडची काळी माती, तिला पाणी लागलं की पाऊल उचलत नाही. फाटकासमोर इतका चिखल झाला की पोरांच्या चपला त्यात रुतल्या आणि जीपची चाकं जागच्या जागी फिरत राहिली. शेवटी ती जीप ढकलून काढायला चार माणसं लागली, त्यांत दोन फिटर गल्लीतली होती. भाऊनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवशी त्या गल्लीत कुणी गेलं नाही.

हे इथं संपलं असतं तर छान झालं असतं. पण ती पार्टी निवडून आली, आमच्या भागातूनही तिला मतं पडली. ज्यांनी पाणी ओतलं त्यांच्यातल्याही काहींनी दिली असतील, कारण चुली तशाच थंड होत्या आणि कामाचं नाव दुसरं कुणी काढतही नव्हतं. हे मी लपवणार नाही. खोटा भोंगा वाजवला म्हणून चौकशी झाली ती माझ्या बापाची, दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं. भाऊला कुणी काही विचारलं नाही. भोंग्याची मोटार त्यांनी काढून नेली. दिगू कित्येक महिने मायशी बोलला नाही आणि मग पुण्याला कामाला निघून गेला. आता तो तिथं टेम्पो चालवतो. अधूनमधून माझ्या मोबाइलवर कुठल्या तरी गावात कुणीतरी काहीतरी पेटवल्याचे संदेश पाठवतो, मी एकच उलट प्रश्न लिहिते, धूर तू पाहिलास का? बहुतेक वेळा उत्तर येत नाही. परवा आलं, "न्हाई गं." मला तेवढं पुरलं.

माय अप्पांशी बोलेना. दिगूचं ती समजू शकत होती, पोरगा होता. पण आगीचा भोंगा खोटा वाजवणं तिच्या लेखी देवाची खोटी शपथ घेण्यासारखं होतं. ती ताट वाढायची आणि पाठ फिरवून बसायची. अप्पाही काही सांगेनात. एका दुपारी ते जेवत होते, दारात महबूबचाचा आले आणि या वेळी सरळ आत येऊन बाजेवर बसले. म्हणाले, "भाभी, ये बोलता नहीं, मैं बोलता. उस दिन मैंने पूछा इसको, तू क्यों बजाया? बताया इसने मेरेकू." मग त्यांनी अप्पांना कोपरानं ढोसलं. "अब तू बोल. तेरी घरवाली है."

अप्पांनी घास खाली ठेवला. ते मायकडं न बघता, ताटाकडं बघत बोलले. "तो म्हणाला आगीचा वाजवा. मी म्हणालो, आग कुठं हाय? तो म्हणाला, लागंल. मी बाहेर पाहिलं तर दिगूच्या हातात कॅन." ते थांबले. त्यांचा अंगठा ताटाच्या काठावर दाबला गेला होता. "मला भांडता येत न्हाई तुझ्यासारखं. बटण येतं. म्हणलं, आग लागणारच आसंल तर पाणी आधी येऊ दे."

मायनं टोपल्यातली भाकरी काढली, अर्धी अप्पांच्या ताटात टाकली, अर्धी चाचांच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "ठेचा लय तिखट झालाय, सांभाळून खा." उठून ती उंबऱ्याशी गेली. घागरीतलं पाणी तिनं सकाळीच बदललं होतं. तरी ती परत भरायला बसली.